खुर्चीखालचे काका

नवलकाकूंनी काही नवं शिकायला घेतलं, की आमच्या इमारतीत पहिला गोळा येतो तो तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या पोटात. कारण कुठल्याही कलेतली काकूंची पहिली वस्तू त्यांच्याकडे जाते. फार पूर्वी त्यांनी काकूंची दाढ न दुखवता काढली होती, त्या उपकाराची ही फेड. बिचाऱ्यांना काय कल्पना, एका दाढेपायी आयुष्यभर हे भोगावं लागेल म्हणून! त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत दोऱ्याच्या गाठींचं एक घुबड लटकतंय, त्याला डोळे तीन आहेत. कोपऱ्यात एक टोपली आहे, ती भिंतीला टेकवल्याशिवाय उभी राहत नाही. पेशंट त्या घुबडाकडे बघत बसतात आणि दात दुखतोय हे विसरतात, असं डॉक्टर स्वतःच सांगतात. काकूंच्या समोर मात्र म्हणतात, "छान आहे हो. डोळे अगदी जिवंत."

नवलकाकू हे नाव काही पाळण्यातलं नव्हे, जिन्यात मिळालेलं. जिना चढता चढता कुणीही विचारायचं, "काय काकू, या वेळी काय नवल?" आणि काकू पिशवीतून काहीतरी बाहेर काढायच्या. त्यावर हसायचं नाही हा आमचा नियम. दरवाजा लावून घेतल्यावर हसायचं.

पण खुर्च्यांना कुणी हसत नाही. काकूंनी विणलेल्या वेताच्या खुर्चीवर जो एकदा बसला, त्याला दुसरी खुर्ची टोचते. काका-काकूंचं ते पोटापाण्याचं काम. त्यांच्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी वेताच्या पट्ट्यांची भेंडोळी टांगलेली, खाली पाण्याचा टब, आणि मधोमध दोन बाकांवर चढवलेली फाटक्या बैठकीची खुर्ची. खोलीला वास ओल्या गवताचा. पाहुणे आले की त्यांना खुर्च्यांच्या या गर्दीत बसायला नेमकी खुर्ची मिळत नाही.

हे काम एकटा माणूसही करतो. बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. भिजवलेली पट्टी एका भोकातून खाली सोडायची, शेजारच्यातून वर घ्यायची, ताणायची, आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या-आडव्या, आणि सगळ्यांत शेवटी तिरक्या. पण या दोघांनी लग्नानंतर लगेच आपली वेगळी रीत बसवली. काकू वर, काका खाली. काकू पट्टी भोकातून खाली सोडणार, खाली उशीवर बसलेले काका ती पकडून शेजारच्या भोकातून वर देणार आणि गाठी मारणार. घरात वरचढ कोण, हे बाकीच्या जोडप्यांना आयुष्यभर ठरवावं लागतं. यांचं खुर्चीनं ठरवून टाकलं.

आता काकांची गंमत अशी, की हा माणूस समोरासमोर बसला की तोंडात मिठाची गुळणी. जेवताना काकू काहीही बोलोत, उत्तर एकच, "हं." भाजी हवी असली तर "हं", नको असली तरी "हं". फरक फक्त काकूंनाच कळायचा, तोही दहातल्या सहा वेळा. पण का कोण जाणे, डोक्यावर चौकट आली की काकांना वाचा फुटायची. सुरुवातीला चौकट रिकामी असते, तेव्हा वरून काकांचा अख्खा चेहरा दिसायचा आणि बोलणं जेमतेम हवापाण्याचं. पट्ट्या भरत जायच्या तसा चेहरा कमी व्हायचा. आधी हनुवटी जायची, मग नाक, मग एकच डोळा उरायचा. आणि जितके काका दिसेनासे व्हायचे, तितके मोकळे व्हायचे. तिरक्या पट्ट्या सुरू झाल्या की खालून नुसता आवाज यायचा, आणि तो मनातलं बोलायचा.

मुलीला शिकायला परगावी ठेवायचं, हे असंच तिरक्या पट्ट्यांना ठरलं. काकूंची आई अंथरुणाला खिळली तेव्हा "इथे घेऊन ये तिला, मी बघतो" हे शब्दही वेताच्या जाळीतूनच वर आले. एकदा तर काकूंनी ऐकलं, "तुझ्या भावाची मला अजून भीती वाटते." लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती आणि भाऊ काकूंच्या खांद्याला लागत होता. काकूंना हसू आवरेना, पट्टी हातातून सुटली.

तर अशा या खुर्च्या. एखादा मोठा संच पुरा झाला की मात्र काकूंचे हात वळवळायला लागायचे. आयुष्यभर आठ कोनांची तीच जाळी विणायची म्हणजे काय! जगात इतके दोरे आहेत, इतके कागद आहेत, लाकूड आहे, लोकर आहे. मग त्या कुणाकडे तरी शिकायला जायच्या. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा घात एकाच सवयीनं व्हायचा. कशालाही हात लावण्याआधी ते भिजवायचं! वेत कोरडा वळवला तर तडकतो, म्हणून हाताला ते वळणच पडलेलं. लोकर आणली, गरम पाण्यात भिजवली. त्या स्वेटरात पुढे बाहुलीसुद्धा मावेना. पुस्तकबांधणी शिकायला गेल्या, तिथे कागदांची चळत टबात घातली. शिकवणारे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "बाई, हे पुस्तक आहे, धुणं नव्हे."

पण काकूंना याचं दुःख नसायचं. महिनाभर नवी हौस भागली की त्या एका सकाळी बाहेरच्या खोलीत यायच्या आणि बघतात तो काय, टबात पट्ट्या भिजत पडलेल्या. काकांनी बोलावलं नाही, विचारलं नाही. नुसता वेत भिजत घातला. काकू पदर खोचायच्या आणि वर बसायच्या. हात असे चालायचे, जसे कधी थांबलेच नव्हते. उलट परत आल्यावर त्या जाळीत काहीतरी उजळलेलं असायचं. तीन डोळ्यांच्या घुबडानंतर विणलेल्या खुर्च्या सगळ्यांत सुबक, हे खुद्द डॉक्टर कबूल करतात. अर्थात त्यात त्यांचा स्वार्थ आहे. काकू खुर्च्यांत रमल्या की त्यांच्याकडे नवी वस्तू येत नाही.

या वर्षी काकूंनी माती धरली.

सायकलच्या दुकानामागे एक शेड आहे. तिथे मातीवाल्या बाई भांडी घडवतात आणि शिकवतात. बाई तरुण, केस कायम मातीत, बोलणं तोडून. पहिल्याच दिवशी काकूंनी सवयीप्रमाणे मातीच्या गोळ्यावर पाणी शिंपडलं आणि घाबरून थांबल्या. आता बोलणी बसणार! बाई जवळ आल्या, गोळा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "किती ओलं हवं, हे तुमच्या हाताला कसं काय कळतं? लोकांना दोन वर्षं कळत नाही."

झालं! ज्या सवयीपायी जन्मभर बोलणी खाल्ली, तिचं कुणीतरी पहिल्यांदा कौतुक केलं. काकू हवेत. त्यांची पहिली वाटी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी ती टेबलावर ठेवली आणि चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की ती डगमगत नाही. त्यांनी जिन्यात सगळ्यांना थांबवून थांबवून सांगितलं. दुसरी वाटी आपल्याकडे यावी, असं आमच्यातल्या काहींनी पहिल्यांदाच बोलून दाखवलं. महिन्याची हौस दीड महिन्याची झाली, दोन महिन्यांची झाली. काकू सकाळी जायच्या त्या दुपार कलल्यावर नखांत माती घेऊन गुणगुणत यायच्या.

घरी काकांनी एकदा वेत भिजत घातला. काकू आल्या नाहीत. पट्ट्या पाण्यात जास्त राहिल्या की काळ्या पडतात, पडल्या. काकांनी त्या टाकून दिल्या आणि पुन्हा भिजत घातल्या. त्याही काळ्या पडल्या. काकूंनी ते पाहिलं. पण पायांत चपला घातलेल्या होत्या.

मग मातीवाल्या बाईंनी विचारलं, "रोज सकाळी मदतीला याल का? कायमचं. नवशिक्यांना माती मळून द्यायला मला तुमच्यासारखा हात हवाय. शनिवारपर्यंत सांगा, म्हणजे दुसऱ्या कुणाला शोधायला नको."

काकूंच्या ओठांवर हो आलं होतं. पण ते त्यांनी गिळलं. काकांना विचारल्याशिवाय हे कसं ठरवायचं? परवानगी हवी होती अशातला भाग नाही. परवानग्या काकूंनी कधी घेतल्या नाहीत. त्यांना काकांच्या मनातलं ऐकायचं होतं. रोजच्या सकाळी मातीला दिल्या तर खुर्च्यांचं काय, हा प्रश्न होताच. त्याहून मोठा प्रश्न हा, की काकांचं काय.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. "अहो, बाई म्हणतात रोज या."

"हं."

"म्हणजे कायमचं. सकाळचं."

"हं."

"मग? काय करू?"

काकांनी ताटातला शेवटचा घास संपवला आणि म्हणाले, "हं."

हा 'हं' काकूंना ओळखता येईना. रागाचा म्हणावा तर लांब नव्हता, हो म्हणावा तर वर चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तसाच. भिंतीशी बोलणं परवडलं, तिला निदान पोपडे तरी आहेत!

त्यातच मुलीचा फोन आला. "आई, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"बरे म्हणजे?"

"बरे म्हणजे... जेवतात वेळेवर."

"आई, मी बाबांबद्दल विचारतेय, मांजराबद्दल नाही."

बाबा कसे आहेत, हे काकूंना खरंच माहीत नव्हतं. दोन महिन्यांत त्या काकांशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. म्हणजे रोज बोलत होत्या. पण बोलल्या नव्हत्या.

याच सुमारास वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी आपल्या खुर्च्या दुरुस्तीला पाठवल्या होत्या. या बाई आयुष्यभर पुस्तकांत राहून इतक्या हळू बोलायला लागल्यात, की भाजीवाला त्यांना नेहमी वेगळीच भाजी देतो. खुर्च्या आल्या तेव्हा काकू म्हणाल्या, "दोन दिवस थांबा, मी येतेच."

काका म्हणाले, "करतो मी." दोन शब्द! काकूंना तेव्हाच कळायला हवं होतं.

काकांनी पहिली खुर्ची एकट्यानं विणायला घेतली. वरून. काकूंच्या जागी स्टूल ठेवून ते स्वतः बसले. कामात खोट काढणार कोण? पट्टी त्यांना काकूंइतकीच कळत होती. शुक्रवारी खुर्ची पुरी झाली, आणि ग्रंथपालबाई पाहायला आल्या तेव्हा काकूही नुकत्याच शेडवरून परतल्या होत्या.

"वा," ग्रंथपालबाई कुजबुजल्या. "किती सुरेख." आणि बसल्या.

आणि आमच्या अख्ख्या इमारतीनं त्या दिवशी ग्रंथपालबाईंचा खरा आवाज ऐकला. डॉक्टर तर हातातलं यंत्र तसंच घेऊन जिन्यात धावत आले. त्यांना वाटलं, कुणाची तरी दाढ.

बाई उठल्या तेव्हा त्यांची शाल खुर्चीला दहा ठिकाणी अडकलेली होती. काकूंनी वाकून पाहिलं. बैठकीवर कडेकडेनं गाठीच गाठी, प्रत्येक गाठीचं टोक वर आलेलं, आणि पट्ट्यांची खरखरीत बाजू माणसाकडे. मग त्यांनी खुर्ची उलटी केली. खाली, जमिनीकडे तोंड करून, वेताची चकचकीत बाजू होती. आठ कोनांचं एकेक घर असं स्वच्छ, की हात फिरवावा.

काकांनी खुर्ची उलटी विणली होती. जन्मभर ज्यांनी बैठक फक्त खालून पाहिली, त्यांच्या डोळ्यांना तीच सुलट! गाठी नेहमी आपल्या डोळ्यांसमोर मारायच्या, मग याही वेळी त्यांनी त्या डोळ्यांसमोरच मारल्या. डोळे वर आले होते, एवढंच ध्यानात राहिलं नाही.

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "काका, ही खुर्ची छतावर बसणाऱ्यांसाठी आहे का हो?"

काकांचं तोंड लाल झालं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या उलट्या खुर्चीवरून बोट फिरवत राहिल्या. ही त्यांची स्वतःचीच वीण होती. त्यांचाच ताण, कोपऱ्यात पट्टी वळवायची त्यांचीच खोड. इतकी वर्षं हा माणूस खालून हे सगळं टिपत होता.

"बाई, या खुर्चीवर जाड उशी टाकू आपण," काकू ग्रंथपालबाईंना म्हणाल्या. "बाकीच्या सरळ मिळतील." आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही जा, पेशंट आ करून बसलाय."

सगळे गेल्यावर काकूंनी दुसरी खुर्ची बाकांवर चढवली. टबात पट्ट्या भिजत होत्याच, आणि अजून काळ्या पडल्या नव्हत्या. "बसा खाली," त्या म्हणाल्या.

"एकट्यानं जमतं मला."

"ते दिसलंच सगळ्या इमारतीला."

काका हलले नाहीत. स्टुलावर बसून राहिले, हाताची घडी घालून. मग काकूंनी जे केलं ते त्यांनी लग्नानंतर कधीच केलं नव्हतं. उशी ओढली, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि स्वतः खुर्चीखाली शिरल्या.

"अगं, तुला तिथलं येत नाही!" काका म्हणाले.

"मला नवीन शिकायची हौस आहे, विसरलात? सोडा पट्टी."

पट्टी खाली आली. काकूंनी ती पकडली आणि शेजारच्या भोकाऐवजी त्याच्या पलीकडच्यातून वर दिली. "ते नाही, अलीकडचं," वरून आवाज आला. हळूहळू जमायला लागलं. खालून सगळं वेगळंच दिसत होतं. खिडकीचा उजेड चौकटीतून तुकड्या तुकड्यांनी खाली पडत होता, वर काकांची हनुवटी दिसत होती, आणि तिथे कुणाचं लक्ष आपल्याकडे नाही, असं वाटत होतं. काकूंना एकदम उमगलं, काका इथेच का बोलतात ते. इथे आपला चेहरा आपल्याला सांभाळावा लागत नाही.

त्या थांबल्या नाहीत. आडव्या पट्ट्या होईतो मातीबद्दल बोलल्या. कुणीतरी पहिल्यांदा हाताचं कौतुक केलं, त्याचं काय वाटलं ते सांगितलं. काळ्या पडलेल्या पट्ट्या पाहिल्या आणि तरी निघून गेल्या, हेही सांगितलं. "मला जायचंय हो तिकडे," त्या म्हणाल्या, "आणि मला इथूनही जायचं नाहीये. आता तुम्ही 'हं' म्हणालात ना, तर मी इथून बाहेरच येणार नाही."

पट्टी अर्ध्यात थांबली. पट्टी ताणून धरायला भोकात ठोकलेली एक लाकडी मेख निसटून काकूंच्या नाकावर पडली. मग काका जाळीजवळ वाकले, आणि एका डोळ्यानं खाली बघत म्हणाले, "मातीच्या कामात खाली कोण बसणार?"

"म्हणजे?"

"लोकरीला कंटाळायचीस, कागदाला कंटाळायचीस. मला ठाऊक असायचं. मी पट्ट्या भिजवून ठेवायचो. मातीला तू कंटाळणार नाहीस. तुझं गुणगुणणं ऐकतो ना मी. ते काम एकटीचं. तिथे वर-खाली नाही. मग मी बोलायचं कुठे?"

काकूंना खाली बसून हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी ते पुसलं नाही. इथे कोण बघतंय!

"मी येणारच होते परत," त्या म्हणाल्या. "कधी आले नाही असं झालंय?"

"या वेळी उशीर केलास."

"केला. पण बोलावणं जरा मोठ्यानं करा की. वेत भिजवला, झालं! उद्या मी बहिरी झाले तर ठीक, आंधळी झाले तर?"

वरून एक आवाज आला. तो 'हं' नव्हता. काका हसत होते.

मग घासाघीस सुरू झाली. सकाळी माती, दुपारी वेत, असं काकूंनी सुचवलं. काका म्हणाले, मातीचे हात धुतल्याशिवाय पट्टीला शिवायचं नाही. काकू म्हणाल्या, मग पट्ट्या दुपारपर्यंत भिजवायच्याच नाहीत. काका म्हणाले, नाहीच भिजवणार, तू जिन्यात गुणगुणताना ऐकू आलीस की टाकतो. तिरक्या पट्ट्या लागल्या तेव्हा काकांनी हळूच विचारलं, पहिली वाटी डॉक्टरांना का दिलीस. काकूंनी जीभ चावली. त्या खुर्चीत तीन चुका राहिल्या. वाचनालयात गेलात तर खिडकीजवळची ती, शोधून पाहा.

शनिवारी काकू शेडवर हो सांगायला गेल्या, आणि काका त्यांच्यासोबत गेले. कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही. मातीवाल्या बाईंना काकूंनी सांगितलं, "सकाळी येईन. पण एखाद्या दिवशी घरी वेत भिजत पडला असला, तर माती थांबेल, वेत थांबणार नाही." बाई म्हणाल्या, चालेल. काका भिंतीशी उभे होते, तोंडात गुळणी धरून. बाईंनी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोनदा "हं" मिळाला.

मग काकू माती मळायला बसल्या आणि टेबल डुगडुगायला लागलं. त्याचा एक पाय कित्येक दिवस सैल होता. काकांनी ते पाहिलं, खिशातून मेख काढली आणि टेबलाखाली शिरले.

थोडा वेळ ठोकाठोकी ऐकू आली. मग खालून आवाज आला, "या लाकडाला कुणीतरी ओलं असतानाच भोक पाडलंय, म्हणून सैल झालंय. आमच्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाचं असंच झालं होतं. ती तेव्हा फार रागीट होती, आता नाही. तुमची आई कुठे असते? माती आणता कुठून तुम्ही?"

बाई काम थांबवून खाली वाकल्या. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. "हे नेहमी इतकं बोलतात?"

"खाली असले की," काकू म्हणाल्या.

पाय केव्हाच घट्ट झाला होता. काकूंना ते हाताखाली कळत होतं. खालून आता काकूंच्या भावाची गोष्ट सुरू झाली होती, आणि बाई हसत स्टूल पुढे ओढत होत्या. काकूंनी गोळ्यावर पाणी शिंपडलं, आणि कोपरानं टेबलाला हळूच एक धक्का दिला.

"अहो," त्या म्हणाल्या, "अजून हलतंय हं."